गायकाच्या माइकमध्ये शिरणारी वाद्ये कशी आवरावीत: वाद्यवृंदाच्या थेट ध्वनिमुद्रणासाठी सविस्तर मार्गदर्शन

बडोद्यात गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी पहाट लागोपाठ येतात. या काळात दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी मंडळांपासून गरब्याच्या मोठ्या वाद्यवृंदांपर्यंत सगळ्यांनाच आपला कार्यक्रम नीट मुद्रित झालेला हवा असतो. डिजिटल मिक्सरमुळे प्रत्येक माइक स्वतंत्र ट्रॅकवर साठवणे सोपे झाले आहे, आणि त्यामुळेच ‘सगळे वेगवेगळे घेतले आहे, बाकीचे मिक्सिंगमध्ये बघू’ असा विश्वास अनेकांच्या मनात असतो. प्रत्यक्षात गायिकेचा ट्रॅक एकटा लावून ऐकला, तर तिच्या आवाजामागे ड्रमची झांज, ढोलकीची चाट, मॉनिटरमधला (कलाकारांना ऐकू यावे म्हणून रंगमंचावर ठेवलेल्या स्पीकरमधला) कीबोर्ड आणि सभागृहाचा घुमारा असे सगळेच ऐकू येते. याला साउंडवाले ब्लीड किंवा लीकेज म्हणतात.

ब्लीडचा खरा त्रास मिक्सिंगला बसल्यावर कळतो. गायिकेचा आवाज थोडा वर घेतला की झांजही वर येते. आवाजाला चमक द्यावी म्हणून वरच्या पट्टीच्या कंप्रता वाढवल्या की हाय-हॅट (ड्रमची पायाने मिटणारी जोडझांज) कानात टोचू लागतो. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) दिला तर त्यात गाण्याबरोबर ड्रमही न्हाऊन निघतो. म्हणून हे काम मिक्सिंगच्या टेबलावर सुरू होत नाही, रंगमंचावर कोण कुठे बसणार हे ठरते तेव्हाच सुरू होते. अंतर, दिशा आणि वाद्याचा मूळ जोर या तीन गोष्टी तिथे साधल्या, तर पुढची सगळी साधने किरकोळ दुरुस्तीपुरती लागतात, आणि तिथे चुकल्या तर कितीही महागडे सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढत नाही.

आधी मोजा

साउंड चेकच्या वेळी पाच मिनिटे या चाचणीसाठी राखून ठेवावीत. गायिकेला तिच्या जागी, माइक नेहमीच्या अंतरावर धरून, गप्प उभे राहायला सांगावे आणि साथीदारांना कार्यक्रमातले सर्वांत जोरकस गाणे पूर्ण ताकदीने वाजवायला सांगावे. अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करावे. मग तेच गाणे तिच्यासह वाजवून पुन्हा अर्ध्या मिनिटाचे मुद्रण करावे. दोन्ही वेळी तिच्या चॅनेलच्या मीटरवरची सरासरी पातळी लिहून ठेवावी. या दोन आकड्यांतला फरक १५ डेसिबलपेक्षा जास्त असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे. तो १० डेसिबलच्या खाली असेल तर बैठक बदलल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चाचणी गाण्याच्या सर्वांत हळुवार ओळीवर घेतली तर अधिक चांगले, कारण ब्लीड उघडा पडतो तो तिथेच.

ही चाचणी करताना एक गैरसमजही दूर होतो. गेन (माइकच्या आवाजाची मिक्सरमधली सुरुवातीची वाढ) कमी केला की ब्लीड कमी होतो, असे पुष्कळ जणांना वाटते. गेन कमी केल्यावर ब्लीड खाली येतो हे खरे, पण गाणेही तितकेच खाली येते आणि दोघांमधला फरक आहे तसाच राहतो. ‘कंडेन्सर माइक लांबचे ओढतो’ हाही असाच एक समज आहे. समान ध्रुवीय आकृती (माइक कोणत्या दिशेने किती ऐकतो त्याचा नकाशा) असलेले दोन माइक समान अंतरावर ठेवले, तर डायनॅमिक असो की कंडेन्सर, ब्लीडचे प्रमाण फारसे बदलत नाही; कंडेन्सरमध्ये झांजेसारख्या उंच कंप्रता अधिक स्पष्ट उमटतात, म्हणून तो जास्त ओढतो असे भासते.

अंतर

मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते आणि अंतर निम्मे झाले की ६ डेसिबलने चढते. या एका नियमाचा गायकाच्या माइकसाठी केवढा उपयोग आहे हे नीट पाहावे. गायिका माइक तोंडापासून २० सेंटिमीटरवर धरत असेल आणि तिने तो ५ सेंटिमीटरवर आणला, तर अंतर दोनदा निम्मे झाले, म्हणजे तिचा आवाज माइकमध्ये कागदावर १२ डेसिबलने वाढला. तीन मीटरवरच्या ड्रमच्या दृष्टीने माइक पंधरा सेंटिमीटर सरकला काय आणि न सरकला काय, त्यात काहीच फरक पडत नाही. गेन तेवढा खाली घेतला की गाण्याची पातळी पूर्वीइतकी राहते आणि ड्रम १२ डेसिबलने मागे जातो. एवढा मोठा फायदा दुसऱ्या कोणत्याही उपायाने फुकट मिळत नाही.

जवळून गाण्याचे दोन दुष्परिणाम आहेत आणि दोन्ही आवरण्यासारखे आहेत. दिशादर्शी (एका बाजूचेच जास्त ऐकणारा) माइक तोंडाजवळ आला की खर्ज फुगतो. त्यासाठी चॅनेलवरचा लो-कट (खर्जाच्या कंप्रता कापणारा फिल्टर) पुरुषांच्या आवाजाला ८० ते १०० आणि स्त्रियांच्या आवाजाला १०० ते १२० हर्ट्झपर्यंत चढवावा आणि २०० हर्ट्झच्या आसपास थोडे कमी करावे. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटके बसू नयेत म्हणून माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूने, ओठांच्या कोपऱ्याकडे रोखावा. तार सप्तकात जाताना हात थोडा मागे नेण्याची सवय अनेक गायकांना असते आणि ती चांगलीच आहे; फक्त हात एक वीत मागे जातो की एक हात मागे जातो, यावर लक्ष ठेवावे.

अंतरावर तोल सांभाळण्याची ही विद्या जुनी आहे. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास रूढ झाले. त्याआधी गायक थेट कर्ण्यात गात आणि कोण कर्ण्याच्या किती जवळ बसतो यावरच सगळा तोल ठरत असे. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचे मुद्रण केले ते याच पद्धतीने. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) नव्हते, नंतर दुरुस्त करण्याची सोय नव्हती. जो तोल साधायचा तो बैठकीतच साधावा लागे. आपल्याकडे आज साधने भरपूर आहेत, तरी तीच शिस्त पाळली तर काम निम्मे हलके होते.

माइकचे तोंड कुठे, पाठ कुठे

रंगमंचाची रचना ठरवताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गायक प्रेक्षकांकडे पाहतो, म्हणजे त्याच्या माइकचे तोंड रंगमंचाच्या मागच्या बाजूला, नेमके ड्रमकडे असते. आपल्याकडच्या नेहमीच्या रचनेत ड्रम बरोबर मधोमध, मुख्य गायकाच्या पाठीमागे मांडला जातो, कारण तो दिसायला शोभतो. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने मात्र त्याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही. गायकाचे डोके उंच कंप्रता थोड्याशा अडवते, पण तेवढ्याने भागत नाही.

माइकची ध्रुवीय आकृती इथे उपयोगी पडते. कार्डिओइड माइक, उदाहरणार्थ १९६६ पासून बाजारात असलेला शुअरचा एसएम५८, बरोबर पाठीमागून म्हणजे १८० अंशांवरून सर्वांत कमी ऐकतो, आणि ९० अंशांच्या बाजूने येणारा आवाज समोरच्यापेक्षा ६ डेसिबलने कमी घेतो. सुपरकार्डिओइड, उदाहरणार्थ बीटा ५८ए, बाजूने सुमारे साडेआठ डेसिबल कमी घेतो; त्याचा सर्वांत बहिरा कोन सुमारे १२६ अंशांवर असतो आणि बरोबर पाठीमागून मात्र त्याला थोडे ऐकू येते. हायपरकार्डिओइड बाजूने १२ डेसिबल कमी घेतो आणि त्याचा बहिरा कोन ११० अंशांच्या जवळ येतो. हे आदर्श आकडे आहेत. खर्जात प्रत्येक माइकची दिशा थोडी ढिली पडते, त्यामुळे किक ड्रम आणि बास यांच्यासाठी दिशेपेक्षा अंतर आणि लो-कट यांवरच अधिक भिस्त ठेवावी.

यावरून रचना अशी ठरते. ड्रम आणि ढोलकी मागच्या मध्यावरून हलवून रंगमंचाच्या एका कडेला न्यावीत, शक्य तितकी पुढे, म्हणजे ती गायकाच्या पाठीमागे न राहता त्याच्या बाजूला येतात. गायकांना रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणावे. ज्या गायकाचा आवाज नाजूक आहे त्याला ड्रमपासून सर्वांत दूरची जागा द्यावी. जोरकस आवाजाच्या गायकाला ड्रमच्या बाजूला उभे केले तरी चालते. कोरसचे माइक शक्यतो कमी ठेवावेत. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की एकूण गळती सुमारे ३ डेसिबलने वाढते, त्यामुळे चौघांच्या कोरसला चार माइक देण्यापेक्षा दोघांत एक याप्रमाणे दोन देणे अनेकदा हिताचे ठरते.

प्रेक्षक नसतील, म्हणजे अल्बमसाठी किंवा व्हिडिओसाठी एखाद्या सभागृहात फक्त मुद्रणच करायचे असेल, तर रंगमंचाची सवय सोडून द्यावी. सर्वांना गोलात बसवावे आणि गायकाचे तोंड ड्रमकडे करावे. मग माइकची पाठ ड्रमकडे येते आणि गायकाच्या मागे काय आहे एवढेच सांभाळावे लागते; तिथे जाड पडदा किंवा गाद्या उभ्या केल्या की झाले. साथीदारांना गायक समोर दिसतो, इशारे नीट कळतात आणि वादनही सुधारते.

बैठकीची मैफल आणि पेटी

भजन, नाट्यगीत किंवा अभंगाच्या कार्यक्रमात गायक स्वतः पेटी वाजवतो तेव्हा प्रश्न वेगळा होतो, कारण वाद्य आणि तोंड यांच्यात जेमतेम दोन वितींचे अंतर असते. इथे माइक कोणत्या बाजूने येतो यावर सगळे अवलंबून असते. बूम स्टँडवरून माइक वरून खाली रोखला, तर त्याचे तोंड गायकाच्या ओठांवरून थेट पेटीवर जाते. त्याऐवजी माइक हनुवटीच्या खालच्या पातळीवर आणून वर ओठांकडे रोखावा. मग त्याची पाठ खाली पेटीकडे येते आणि कार्डिओइडचा बहिरा कोन आपोआप पेटीवर पडतो. स्टँडचा पाय पेटीच्या पुढे ठेवावा, आडवी दांडी पेटीवरून आत घ्यावी आणि ती भात्याच्या हाताला आडवी येत नाही ना हे गायकाला दोन-चार वेळा भाता मारायला लावून पाहावे. पेटीचा स्वतःचा माइक गायकापासून दूरच्या बाजूला, खाली रोखून ठेवावा.

तबल्याच्या बाबतीत तबलजीला हातभर बाजूला सरकवणे पुरेसे ठरते, मात्र त्याला गायकाचे तोंड दिसले पाहिजे. ते दिसेनासे झाले तर मुद्रण स्वच्छ होईल आणि मैफल बिघडेल. ख्यालाच्या मैफलीत तर मी ब्लीडशी भांडण्याचा सल्ला देणारच नाही. तिथे तानपुरा, तबला आणि गळा एकमेकांत मिसळून ऐकायचे असतात. चांगल्या कोनात ठेवलेल्या माइकमध्ये शिरलेला तबला गोड वाटतो आणि तो काढून टाकण्याच्या खटपटीत आवाजाचा जीव जातो.

वाद्याचा मूळ जोर कमी करणे

कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बास गिटार थेट डीआय बॉक्समधून (वाद्याची तार सरळ मिक्सरला जोडून देणाऱ्या डबीतून) मिक्सरला द्यावेत आणि रंगमंचावर त्यांचे स्वतंत्र स्पीकर ठेवू नयेत. इलेक्ट्रिक गिटारचा अँप अत्यावश्यक असेल तर तो जमिनीवर पायाशी न ठेवता खुर्चीवर, वादकाच्या कानाकडे तोंड करून ठेवावा. मग वादक आपणहून आवाज कमी करतो. ब्लीडचा मोठा भाग एवढ्यानेच सुटतो आणि त्याला पैसाही लागत नाही.

ड्रम हे अवघड प्रकरण आहे, कारण ड्रमर हळू वाजवायला लागला की गाण्याचा जोम जातो. झांजा मात्र किंचित हळू आणि स्नेअर-किक नेहमीच्या ताकदीने वाजवणे जमते. चांगल्या ड्रमरला कारण समजावून सांगितले तर तो ते आनंदाने करतो. काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीची रॉड्स वापरणे, झांजेच्या कडेला कापडी टेपचे छोटे तुकडे लावणे, स्नेअरवर जेलची चकती ठेवणे हे उपाय सर्वश्रुत आहेत. ॲक्रिलिकचा पारदर्शक पडदा लावला तर झांजेचा थेट मारा अडतो, पण तो आवाज नाहीसा होत नाही. पडद्यावर आदळून मागे आणि वर जातो. म्हणून पडदा लावायचाच असेल तर ड्रमरच्या पाठीमागे आणि शक्य झाल्यास डोक्यावर जाड कापड किंवा फोम हवाच. तो नसेल तर पडद्याचा पैसा वाया गेला असे समजावे.

गरब्याच्या वाद्यवृंदात ढोल हा मुख्य असतो आणि तो हळू वाजवा असे सांगण्यात अर्थ नाही. तिथे ढोलवाल्यांना गायकांच्या बाजूला, पण ढोलाची थाप पडणारी तोंडे गायकांकडे येणार नाहीत अशा कोनात उभे करावे. मैदान मोकळे असल्याने भिंतींचा घुमारा नसतो आणि अंतराचा नियम जवळजवळ पुस्तकात लिहिल्याप्रमाणे लागू पडतो. ढोल दोन मीटरवरून चार मीटरवर नेला की ६ डेसिबल खरोखरच कमी होतात. बंद सभागृहात एवढा लाभ होत नाही, कारण ठरावीक अंतराच्या पुढे थेट आवाजापेक्षा परावर्तित आवाजच जास्त असतो.

मॉनिटर आणि मुख्य स्पीकर

गायकाच्या माइकमधली घाण पुष्कळदा वाद्यांची नसून मॉनिटरची असते, आणि ती ओळखू येत नाही कारण मॉनिटरमधूनही वाद्येच वाजत असतात. मॉनिटर माइकच्या बहिऱ्या कोनात ठेवावा. कार्डिओइडसाठी तो बरोबर समोर, माइकच्या पाठीमागे. सुपरकार्डिओइडसाठी मात्र समोर ठेवू नये, तिथे दोन मॉनिटर डावी-उजवीकडे तिरपे मांडावेत. कोणता माइक आहे हे न पाहता मॉनिटर मांडणे ही आपल्याकडची सर्रास आढळणारी चूक आहे. मॉनिटरमध्ये ज्याला जेवढे हवे तेवढेच द्यावे: सुरासाठी कीबोर्ड, लयीसाठी थोडी ढोलकी आणि स्वतःचा आवाज. ड्रम प्रत्यक्ष शेजारी वाजत असताना तो मॉनिटरमध्ये पुन्हा देण्याची गरज नसते.

कानात घालायचे इन-इअर मॉनिटर हा यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मुख्य गायकापुरता एक जरी घेतला तरी फरक पडतो. सवय नसलेल्या गायकाला मात्र तो ऐन कार्यक्रमात प्रथमच देऊ नये. किमान दोन तालमी त्यावर झाल्या पाहिजेत.

मुख्य स्पीकर गायकांच्या रेषेच्या पुढे असावेत. मंडळाच्या छोट्या मंडपात ते बहुधा रंगमंचाच्या दोन्ही कोपऱ्यांवर, कधी गायकांच्या किंचित मागेही उभे केलेले असतात. ते एक-दीड मीटर पुढे सरकवायला सांगण्यात संकोच करू नये.

जागा

सभागृहानुसार तयारी बदलते. बडोद्याच्या अकोटा भागातल्या सर सयाजीराव नगरगृहासारख्या मोठ्या नाट्यगृहात रंगमंचावरचे पडदे, विंगा आणि खुर्च्या बराच आवाज शोषतात. तिथे मागचा जाड पडदा ओढून घेतला की पुष्कळ काम झाले. खरी परीक्षा असते ती मंगल कार्यालये आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये, जिथे खाली कोटा फरशी, बाजूला गुळगुळीत गिलावा आणि वर सपाट छत असते. अशा जागी रंगमंचावर आधी जाजम आणि त्यावर सतरंज्या अंथराव्यात, ड्रमच्या मागच्या भिंतीला स्टँडवर गोधड्या किंवा रजया टांगाव्यात. कापड भिंतीला चिकटवून न टांगता तिच्यापासून वीतभर पुढे टांगले तर ते मधल्या कंप्रताही चांगल्या शोषते. मंडपवाल्याकडे गाद्या असतातच. दोन गाद्या उभ्या करून ड्रम आणि गायक यांच्या मध्ये आड लावल्या तर दिसायला बेंगरूळ वाटते, पण प्रेक्षक नसलेल्या मुद्रणात त्यांच्याइतका स्वस्त अडसर मिळणार नाही.

गायकाशी बोलून ठेवायच्या गोष्टी

माइकची जाळी मुठीत धरण्याची फॅशन तरुण गायकांमध्ये फार आहे. माइकला दिशा ओळखता येते ती जाळीच्या मागच्या फटींतून आत जाणाऱ्या आवाजामुळे. मूठ आवळून त्या बंद केल्या की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो आणि आपण केलेली सगळी रचना त्या क्षणी निरुपयोगी ठरते. गायकाला हे नुसते सांगू नये, दाखवावे: हेडफोन त्याच्या कानाला लावून ड्रम वाजत असताना एकदा दांडी धरून आणि एकदा जाळी मुठीत धरून ऐकवावे. पुन्हा सांगण्याची गरज पडत नाही.

गात नसताना माइक खाली लोंबता सोडला तर तो मॉनिटरकडे तोंड करतो. लांब वाद्यसंगीताच्या तुकड्यात माइक स्टँडवर ठेवावा किंवा छातीशी उभा धरावा. निवेदकाचा माइक गाणे सुरू होताच बंद करण्याची जबाबदारी एका विशिष्ट माणसाकडे द्यावी, नाहीतर तो रात्रभर सभागृह ऐकत राहतो.

मुद्रण करताना

प्रत्येक चॅनेल फेडर, ईक्यू (कंप्रता कमी-जास्त करणारे साधन) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारे साधन) यांच्या आधीच्या टप्प्यावरून मुद्रित करावे, म्हणजे सभागृहासाठी केलेले बदल मुद्रणात येणार नाहीत. बेहरिंगर एक्स३२ किंवा मायडास एम३२ यांसारख्या मिक्सरवरून यूएसबी केबलने ३२ ट्रॅक संगणकावर घेता येतात. २४ बिट निवडावे आणि सर्वांत उंच ठोक्यालाही मीटर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. मुद्रणात गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) मुळीच लावू नये. गेटने गिळलेला एखाद्या ओळीचा हळुवार शेवट परत मिळत नाही. नंतर लावलेला गेट मात्र कधीही बदलता येतो.

मिक्सिंगच्या टेबलावर

आता जे काही थोडे शिल्लक आहे त्याच्याकडे वळावे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हाताने साफसफाई, मग एक्सपांडर (हळू आवाज आणखी खाली नेणारे साधन), मग ईक्यू आणि शेवटी कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो मोठा आवाज ६ डेसिबल दाबतो, आपण ते ६ डेसिबल पुन्हा भरून काढतो, आणि ओळींच्या मधल्या जागेत ब्लीड ६ डेसिबलने वर येतो. म्हणजे आपण रंगमंचावर कमावलेला फरक स्वतःच्या हाताने घालवतो.

हाताने साफ करताना गायक गात नाही तो भाग पूर्ण शांत करू नये, ८ ते १० डेसिबलने खाली घ्यावा. संपूर्ण बंद केला तर गायक गाऊ लागताच ड्रमचा रंग एकदम बदलतो आणि कानाला तो झटका लगेच जाणवतो. ओळ सुरू होण्याआधीचा श्वास राखावा. एक्सपांडरची मर्यादाही तेवढीच ठेवावी, आणि तो ड्रममुळे उघडू नये म्हणून त्याला ऐकू येणारा आवाज ३०० हर्ट्झ ते ३ किलोहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यापुरता ठेवावा. ‘रिलीज’ (एक्सपांडरला पुन्हा मिटायला लागणारा वेळ) पाव सेकंदाच्या आसपास ठेवला तर मींडेचा आणि गुणगुणीचा शेवट तुटत नाही.

झांजेचा त्रास होत असेल तर डायनॅमिक ईक्यू वापरावा: ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग नेहमी थोडा दाबलेला आणि गाणे सुरू असतानाच उघडणारा. रिव्हर्बला पाठवायचा आवाज मूळ ट्रॅकवरून न देता साफ केलेल्या प्रतीवरून द्यावा, आणि त्या प्रतीवर एक्सपांडर अधिक कडक ठेवायला हरकत नाही, कारण ती थेट ऐकू येत नाही.

आवाज पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकाचा मुद्दा फार कमी लोक पाहतात. आपल्या हवेत, ३० अंशांच्या आसपास, आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. ड्रम गायकापासून साडेतीन मीटरवर असेल तर गायकाच्या माइकमध्ये स्नेअर १० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि त्याच्या स्वतःच्या माइकमधल्या आवाजात मिसळला की ठोका पोकळ लागतो. ड्रमचे सगळे ट्रॅक एकत्र तेवढेच उशिरा वाजतील असे सरकवून पाहावेत. पुष्कळदा स्नेअर एकदम भरीव होतो. गायक दोन असतील तर ज्याच्या माइकमध्ये ब्लीड जास्त आहे त्याच्याशी जुळवावे, दोघांशी एकाच वेळी जुळणार नाही. डावी-उजवीकडची मांडणीही रंगमंचावर वाद्ये होती त्याच बाजूंना ठेवावी, म्हणजे ब्लीड आणि मूळ वाद्य एकमेकांना धरून राहतात.

आवाज आणि वाद्ये वेगळी करणारी सॉफ्टवेअरे आता बरीच सुधारली आहेत. आयझोटोप आरएक्समध्ये ब्लीड काढण्यासाठी वेगळे साधन आहे, ज्याला ब्लीड करणाऱ्या वाद्याचा स्वतंत्र ट्रॅक संदर्भ म्हणून द्यावा लागतो. ही साधने पूर्ण ताकदीने वापरली तर ‘स’ आणि ‘श’ पाणचट होतात आणि आवाजाला धातूची झाक येते. निम्म्या ताकदीने, आणि तेही फक्त ज्या ओळी खरोखर अडचणीच्या आहेत त्यांच्यापुरती वापरावीत.

पॅच

एखादी ओळ चुकली किंवा ब्लीडमुळे वापरण्यासारखी राहिली नाही तर ती नंतर स्टुडिओत गाऊन घेऊ, असे ठरवले जाते. स्टुडिओतली ओळ स्वच्छ असते आणि नेमकी म्हणूनच ती कार्यक्रमात बसत नाही. तिच्याभोवती ड्रमची आणि सभागृहाची हवा नसते. म्हणून कार्यक्रम संपल्यावर केबल गुंडाळण्याआधी, माइक आणि मॉनिटर जिथल्या तिथे असताना, संशयास्पद गाण्यांचे कडवे पूर्ण वाद्यवृंदासह पुन्हा गाऊन घ्यावे. त्यासाठी कार्यक्रम चालू असताना एका माणसाने कागदावर गाणे, ओळ आणि वेळ टिपत राहावे, आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांकडून अर्धा तास जास्त आधीच मागून ठेवावा. शेवटी गायक गप्प असताना प्रत्येक गाण्याच्या लयीत एक-दोन आवर्तने नुसती वाद्ये वाजवून घ्यावीत. ती त्याच माइकांवर मुद्रित झालेली असल्याने, ओळींच्या मध्ये जिथे खोकला, माइकचा खडखडाट किंवा चुकून आलेला शब्द काढावा लागतो, तिथे भरायला जुळणारा ब्लीड हाताशी राहतो.